गाण्यात बी.ए.? "पोट भरतंय व्हय?"

पत्र थोडक्यात असं: कागल तालुक्यातल्या एका गावची मुलगी. यंदा कॉमर्समधून बारावी झाली, 81 टक्के मिळाले. घरी थोडा ऊस आणि किराणा दुकान. सातवीपासून ती आठवड्यातून दोनदा एसटीने कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका बाईंकडे गाणं शिकायला येते. गांधर्व महाविद्यालय मंडळाची 'मध्यमा' ही गाण्याची परीक्षा पूर्ण झाली आहे. आता तिला कोल्हापुरातल्याच एका छोट्या कॉलेजात संगीत मुख्य विषय घेऊन बी.ए. करायचं आहे. गेल्या वर्षी तिथे या विषयाला पाचच मुलं होती. वडील म्हणतात, "गाणं म्हणून पोट भरतंय व्हय? बी.कॉम. कर. गाणं काय पळून जातंय?" पुण्यात शिकणारा चुलतभाऊ म्हणतो, करायचंच तर पुण्यात कर, असल्या कॉलेजच्या डिग्रीला कोण विचारतंय. आणि बाईंनी सांगून टाकलंय, "कॉलेजात जाशील आणि गळा बिघडवून येशील." शेवटी ती लिहिते, "मला मैफलीत गाणारी गायिका व्हायचंय. ते होणार नसेल तर मग बी.कॉम.च बरं." खाली सही: 'भूपात अडकलेली'. बाईंनी गेलं वर्षभर भूप हा एकच राग चालवलाय म्हणून.

प्रिय भूपात अडकलेली,

तक्रारीच्या सुरात सही केलीस, पण वर्षभर एकच राग चालवणारी बाई आजच्या काळात मिळणं म्हणजे नशीब आहे. पाच स्वरांचा राग, वरवर अगदी साधा. धैवताला जरा जास्त मान दिला की देशकार हा दुसराच राग होतो, अवरोहात मींडेतून, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत येताना, निषाद डोकावला की शुद्धकल्याण रागाची वाट लागते. या दोघांना दाराबाहेर ठेवून अर्धा तास भूप गाता येणं ही लहान गोष्ट नाही. तेव्हा अडकलेली आहेस ती चांगल्या जागी अडकलेली आहेस. हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं बोलणं याच्याभोवती फिरणार आहे.

तुझ्या पत्रात चार माणसं बोलतात: वडील, चुलतभाऊ, बाई आणि तू. चौघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण चौघांनी एक गोष्ट न तपासता धरून चालली आहे, ती म्हणजे बी.ए. म्युझिक ही गायिका घडवण्याची जागा आहे. वडिलांना वाटतं तिथे गायिका घडेल आणि उपाशी राहील. भावाला वाटतं छोट्या कॉलेजात ती नीट घडणार नाही. बाईंना वाटतं घडलेली आहे तीही बिघडेल. आणि तुला वाटतं, घडणार नसेल तर जायचंच कशाला.

मी सरळ सांगते. तीन वर्षांच्या पदवीतून मैफलीचा गायक तयार होत नाही. इथे नाही, पुण्यात नाही, कुठेच नाही. गाणं गळ्यावर चढायला लागणारे तास कुठल्याच वेळापत्रकात मावत नाहीत. मग पदवी कशाला? तर ती तुला वेळ देते. आपल्याकडे अठरा वर्षांची मुलगी घरी बसून रोज चार तास रियाज करते म्हटलं तर पंधरा दिवसांत शेजारपाजार विचारायला लागतो, "पोरगी काय करते मग?" तीच मुलगी "बी.ए. सेकंड इयरला आहे" म्हटलं की विषय संपतो. तीन वर्षं तुझ्या रियाजाला कोणी हात लावत नाही, शिवाय शेवटी हातात एक अशी पदवी असते की जिच्यावर पुढची दारं उघडतात. बी.कॉम.मध्येही तीन वर्षं मिळतातच, पण तिथला दिवस ताळेबंदात जातो आणि गाणं रात्री साडेनवानंतरच्या वाट्याला येतं. 'गाणं पळून जात नाही' हे वडिलांचं म्हणणं ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात अठरा ते बावीस या वयात जो गळा तयार होतो, तो सव्विसाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून वळवायचा म्हणजे दुप्पट कष्ट.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. तो चुकीचा नाही. दुकान चालवणारा माणूस आहे, त्याला जमा-खर्च विचारायचा हक्क आहे. पण बी.कॉम. केल्याने पोट भरतं हेही त्यांनी तपासून पाहिलेलं नसणार. नुसत्या बी.कॉम.वर कोल्हापुरात काय पगार मिळतो, हे उद्यमनगरात किंवा शाहूपुरीत कुठल्याही ऑफिसात जाऊन त्यांनीच विचारावं. बी.कॉम.ला किंमत येते ती पुढे सीए, एम.कॉम., बँकेची परीक्षा असं काहीतरी केल्यावर. आणि इथे एक साधी गोष्ट त्यांच्या कानावर घाल: बँकेची, एमपीएससीची, यूपीएससीची पूर्वपरीक्षा द्यायला पदवी लागते, ती कुठल्याही शाखेची चालते. बी.ए. म्युझिक ही विद्यापीठाची पदवी आहे. त्यावर एमबीएच्या सीईटीला बसता येतं, बी.एड.चा विचार करता येतो. म्हणजे गाणं मुख्य विषय घेतल्याने एकही मोठं दार बंद होत नाही. बंद होतात ती सीएसारख्या वाटा सोप्या करणारी काही छोटी दारं. तुला जमाखर्चात रस असेल तर ते नुकसान खरंच आहे, तेही मनात धर.

गांधर्व मंडळाची विशारद परीक्षा आणि विद्यापीठाची बी.ए. यात मात्र गल्लत नको. विशारदला गाण्याच्या क्षेत्रात मान आहे, क्लास काढायला ती पुरते, पण सरकारी परीक्षेच्या फॉर्मवर 'पदवी' या रकान्यात तिच्यावर विसंबू नये. उलट दोन्ही एकत्र करता येतात. मध्यमा पूर्ण झाली आहे, पुढे विशारद प्रथम, मग विशारद पूर्ण. बी.ए. संपेपर्यंत दोन्ही कागद तुझ्या हातात असू शकतात, आणि दोन्हीकडे राग, ताल, शास्त्र बरंचसं तेच असल्याने अभ्यास दुप्पट होत नाही.

कमाईचं खरं चित्रही सांगते, कारण कोणीतरी सांगायलाच हवं. पगारावर शास्त्रीय गायिका कोणी ठेवत नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी आश्रय दिला होता, त्या आश्रयाचे दिवस महाराजांबरोबर 1922 मध्ये संपले आणि खाँसाहेबही पुढे मुंबईला गेले. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर मोठ्या झाल्या त्या मुंबईत. आज गाण्यावर जगणारा माणूस पाच-सहा ठिकाणांहून थोडं थोडं मिळवतो: घरचा क्लास, शाळेतली नोकरी किंवा मानधन, भजन आणि अभंगाचे कार्यक्रम, नाट्यसंगीत, सुगम संगीताच्या वाद्यवृंदात बसणं, परदेशातल्या मराठी मुलांना पहाटे किंवा रात्री ऑनलाइन शिकवणं. आकाशवाणीची ऑडिशन पास झालीस तर बी, बी हाय, ए अशी श्रेणी मिळते. त्यातून मिळणारे पैसे थोडे, पण कार्यक्रम मागताना ती श्रेणी कामाला येते. केंद्रीय विद्यालयात प्राथमिकला संगीत शिक्षकाची जागा असते आणि तिला संगीताची पदवी लागते. नवोदय विद्यालयातही संगीत शिक्षक असतो. जागा कमी, स्पर्धा देशभराची आणि बदली कुठेही. कॉलेजात प्राध्यापक व्हायचं तर एम.ए.ला 55 टक्के आणि वर नेट किंवा सेट. ते करूनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबणारे लोक सगळ्या विषयांत आहेत, संगीतातही आहेत. 'प्राध्यापक होईन' एवढ्या एकाच भरवशावर हा विषय घेऊ नकोस.

एक गोष्ट पत्रात तू लिहिली नाहीस, पण वडिलांच्या मनात ती असणार: रात्रीचे कार्यक्रम. साडेअकराला भैरवी संपते आणि कागलकडची शेवटची एसटी त्याआधीच गेलेली असते. हा प्रश्न खरा आहे आणि तो 'आजकाल मुली सगळं करतात' असं म्हणून सुटत नाही. कोणाकडे उतरायचं, कोण सोडणार, कुठल्या कार्यक्रमाला नाही म्हणायचं, हे तू आधी ठरवून वडिलांना सांगितलंस तर अर्धं भांडण तिथेच मिटेल.

चुलतभावाचं बोलणं जरा वेगळ्या कारणाने तपासायला हवं. पुण्याचं त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गुरुकुल पद्धतीने संगीताची पदवी मिळते. तिथे आजूबाजूला तुझ्याहून पुढची मुलं असतात आणि कान आपोआप तयार होतो. गावात सगळ्यात चांगलं गाणाऱ्या मुलीला हे फार गरजेचं असतं. पण पुण्यात राहण्या-जेवण्याचा खर्च, प्रवेशाच्या वेळची गाण्याची चाचणी आणि तुझ्या बाई सुटणं, हे तिन्ही त्याच ताटात येतं. मी तुझ्या जागी असते तर पदवीला बाईंजवळ राहिले असते आणि एम.ए.ला बाहेर पडले असते. एकविसाव्या वर्षी पक्की बैठक घेऊन गेलेली मुलगी मोठ्या शहरात जास्त वेचते. ज्यांना गावात गुरूच नाही, त्यांचं गणित उलटं. त्यांनी आधीच बाहेर पडावं.

आता 'पाचच मुलं'. तू ते अपराधी स्वरात लिहिलं आहेस. जरा हिशोब करू, वडिलांना आवडेल असा. विद्यापीठांच्या सध्याच्या क्रेडिट पद्धतीत प्रात्यक्षिकाचा एक क्रेडिट म्हणजे सत्रात 30 तास. दोन क्रेडिटचं प्रात्यक्षिक पंधरा आठवड्यांत वाटलं तर आठवड्याला चार तास होतात, म्हणजे 240 मिनिटं. वर्गात चाळीस मुलं असतील तर प्रत्येकाच्या गळ्याकडे सरांचं लक्ष जाणार आठवड्याला सहा मिनिटं. पाच मुलं असतील तर अठ्ठेचाळीस मिनिटं. शिवाय बाकीच्या चौघांना शिकवताना तू ऐकतेसच. गाणं शिकायला ही संख्या उत्तम आहे. इतिहासाला, इंग्रजीला छोटं कॉलेज म्हणजे कमी पुस्तकं आणि कमी प्राध्यापक असेल कदाचित, पण गाण्यात छोटा वर्ग ही श्रीमंती आहे, ती मोठ्या कॉलेजला पैसे देऊनही जमत नाही.

धोका आहे तो दुसरीकडे. मुलं कमी असली की विषय टिकेल का, हा प्रश्न दर जूनला उभा राहतो. कायम प्राध्यापक निवृत्त झाले आणि जागा भरली नाही तर तासिका तत्त्वावरचे शिक्षक येतात, ते दिवाळीनंतर दुसरीकडे जातात, आणि सत्राच्या मध्येच शिकवण्याची पद्धत बदलते. म्हणून कॉलेजचं नाव मोठं की छोटं हे न विचारता तू त्या कॉलेजात एकदा जाऊन ये. तेही प्रवेशाच्या गर्दीत नको, एखाद्या साध्या वारी सकाळी अकराला, वर्ग चालू असताना जा.

काय बघायचं ते सांगते. आधी कान लाव: तबला वाजतोय का? कोणत्याही संगीत विभागाबद्दल मी पहिला प्रश्न हाच विचारते की साथीला तबलजी आहे का, आणि असेल तर आठवड्यात किती वेळ. पुष्कळ ठिकाणी गायनाचे शिक्षक असतात, तबलजीची जागा रिकामी असते आणि मुलं तीन वर्षं मोबाइलच्या ठेक्यावर गातात. मोबाइलचा ठेका तुझी वाट बघत नाही आणि तुला अडवतही नाही. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना तू चुकलीस की माणूस तबलजी वर मान करून बघतो. त्या बघण्याने जे शिकवलं जातं ते ॲपमध्ये नाही. मग तानपुरे बघ. खोळीत आहेत की खोळीवर धूळ आहे? तारा चढवलेल्या आहेत का? जवारी, म्हणजे तार घुमावी म्हणून घोडी घासणं, कधी काढली होती? मिरज इथून पन्नासेक किलोमीटरवर, देशभरातल्या गवयांचे तानपुरे तिथे तयार होतात, त्या सतार-तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. एवढ्या जवळ कारागीर असूनही तानपुरा बेसूर पडून असेल, तर त्या विभागात जीव कितपत आहे ते समजायचं.

मी एका प्रात्यक्षिक परीक्षेला परीक्षक म्हणून गेले होते, ते सांगते. जुलैची झड लागलेली. शेजारच्या खोलीत माइकवर अकाउंट्सचा तास, भिंतीतून 'डेबिट द रिसीव्हर' ऐकू येत होतं. तबलजी प्रत्येक मुलीनंतर हातोडी घेऊन पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, चढवत होता, कारण त्या हवेत तबला पाच मिनिटंही काळी चार या पट्टीवर ठरत नव्हता. एक मुलगी आली. बिहाग छान गायली, विलंबित भरून गायली, तीव्र मध्यमाचा वापरही अगदी बेताने. मी म्हटलं, "आता तानपुरा तुझ्या पट्टीला जुळवून दे." तिने तानपुरा मांडीवर घेतला आणि खुंटी कुठल्या बाजूला फिरवायची हेच तिला ठरवता येईना. तिने इतकी वर्षं ॲपवरच रियाज केला होता. चूक तिची नव्हती. तीन वर्षांत कोणी तिच्या हातात तानपुरा दिलाच नव्हता. कॉलेज बघायला जाशील तेव्हा तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला सहज म्हण, "तानपुरा जुळवून दाखवशील?" ती हसत हसत जुळवायला बसली तर प्रवेश घ्यायला हरकत नाही.

त्याच मुलींना आणखीही विचार: गेल्या दोन-तीन वर्षांत पास झालेल्या सध्या काय करतात? युवा महोत्सवाला कॉलेज मुलं पाठवतं का? पाठवत असेल तर शास्त्रीय गायनाला पाठवतं की नुसतं समूहगीताला? मेजरबरोबर मायनर म्हणून काय काय मिळतं? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मुख्य विषयाबरोबर दुसरा विषय मायनर म्हणून घेता येतो. अर्थशास्त्र मिळत असेल तर तुझं कॉमर्स वाया जात नाही आणि वडिलांनाही बोलायला काहीतरी हाती लागतं. मराठी घेतलंस तर बंदिशी, अभंग, नाट्यपदं यांच्याकडे बघायची नजर येते आणि निवेदनाची कामंही मिळतात. तीन वर्षांनी पदवी घेऊन थांबता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. ते आज ठरवायची गरज नाही.

आता सगळ्यात अवघड माणूस, बाई. "गळा बिघडवून येशील" असं त्या म्हणाल्या, ते रागाने म्हणाल्या असं तुला वाटतंय. मला त्यात राग कमी आणि अनुभव जास्त दिसतो. अभ्यासक्रमाला दर सत्रात नवे राग संपवायचे असतात. तालमीला घाई नसते. तू वर्षभर भूप गातेस, कॉलेजात एका सत्रात भूपाचा छोटा ख्याल, चार आलाप, चार ताना आणि पुढचा राग. आज एकाची पद्धत, उद्या दुसऱ्याची, स्वर लावायची तऱ्हा वेगळी, आकार वेगळा. कच्च्या गळ्याला ते बाधतं, हे बाईंचं म्हणणं बरोबर आहे.

पण हे भांडण तुझ्या घरातलं नाही, आपल्याच मुलखातलं शंभराहून जास्त वर्षं जुनं भांडण आहे. एकीकडे आपल्या शहरात अल्लादिया खाँसाहेब: शिष्य निवडून घेणार, समोर बसवून शिकवणार, बंदिश लिहून देण्याचा प्रश्नच नाही. त्यांचे चिरंजीव भूर्जी खाँ कोल्हापुरात राहून शिकवत, मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्याकडे शिकले. दुसरीकडे इथून तासाभरावर कुरुंदवाड. तिथे 1872 मध्ये जन्मलेले विष्णू दिगंबर पलुसकर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे अगदी जुन्या पद्धतीने शिकले आणि 1901 मध्ये लाहोरला जाऊन त्यांनी चक्क वर्ग, परीक्षा, स्वरलेखन असं सगळं असलेलं गांधर्व महाविद्यालय काढलं. तू जी मध्यमा पूर्ण केलीस ती त्याच वाटेवरची परीक्षा. म्हणजे बाई कॉलेजला नाक मुरडतात, पण पलुसकरांच्या परंपरेतली परीक्षा तुला द्यायला त्यांनीच लावलं! त्यांना हे बोलून दाखवू नकोस हं. पण त्यावरून एवढं दिसतं की दोन्ही वाटा एकाच माणसाला चालता येतात. वर्गातून घरंदाज गवई निघाला नाही म्हणून पलुसकरांवर टीका झाली, ती खरीही होती थोडी. पण तुझ्यामाझ्यासारख्या साध्या घरातल्या मुलींना उंबऱ्याबाहेर पडून गाणं शिकता आलं, त्यात या वर्गांचा वाटा मोठा आहे.

करायचं असं की गळा बाईंच्या ताब्यात ठेवायचा आणि कॉलेजातून बाकीचं सगळं घ्यायचं. शास्त्र, इतिहास, स्वरलेखन, दुसऱ्या घराण्यांचं ऐकणं, तालाची जाण, चारचौघांत गायची सवय, हे कॉलेजात मिळतं. कॉलेजात एखादा राग वेगळ्या तऱ्हेने शिकवला तर वही भर, परीक्षेत तसा गा, आणि रियाजाला बाईंचाच धर. सर 'आवाज असा लाव' म्हणाले आणि बाई 'तसा लाव' म्हणाल्या, तर तीन वर्षं बाईंचं ऐक. सरांना आदराने सांग की माझी तालीम अमुक ठिकाणी चालू आहे. समजूतदार शिक्षक याचा राग धरत नाही. एखाद्याने धरलाच, तर तू पुरती सावध राहा, पण तालीम सोडू नकोस. आणि आठवड्याच्या दोन खेपांचं आता रोजचं येणं होणार आहे, तेव्हा बाईंकडे तिसरा वार माग. कॉलेजात गेल्याने त्यांच्याकडचं शिक्षण वाढतंय, हे त्यांना कळलं की विरोध मवाळ होईल.

एसटीच्या वेळेत रियाज बसवणं सगळ्यात कठीण जाणार. पहाटेचा खर्ज, म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज, घरी, अर्धा तास का होईना, पण रोज. दुपारी कॉलेजातली खोली रिकामी असते ती मागून घे. चावी शिपाईमामांकडे असते आणि त्यांच्याशी पहिल्या आठवड्यातच ओळख करून घेणं हे प्राचार्यांच्या ओळखीपेक्षा कामाचं. बसमध्ये गाता येत नाही, पण ऐकता येतं. कानात इअरफोन घालून एकाच गवयाचा एकच राग महिनाभर ऐक. केसरबाई, मोगूबाई, मन्सूर यांची ध्वनिमुद्रणं आज फुकट मिळतात. बाईंच्या घराण्याचा कोण, तो आधी.

बसून ऐकायलाही जा. कोल्हापुरातल्या देवल क्लब या संगीतसंस्थेच्या मैफली, मिरजेला दर्ग्याच्या उरुसातली संगीतसभा, जिथे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गवई येऊन गातात. 2024 च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली तेव्हा ज्यांचा गाण्याशी फारसा संबंध नाही तीही माणसं रस्त्यावर उभी राहून रडली, असं हे शहर आहे. छोट्या कॉलेजात वर्गात पाचच जण असले तरी बाहेर कान तयार करायला इथे जागा कमी नाहीत.

पैशांचं एक: केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची 18 ते 25 वयाच्या कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, दोन वर्षं दरमहा 5,000 रुपये. गुरूकडे शिकल्याचा दाखला लागतो आणि मुलाखतीत गाऊन दाखवावं लागतं. पहिल्या वर्षी नको, दुसऱ्या वर्षी अर्ज कर. आणि गावात दहा-बारा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस हार्मोनियमवर अलंकार शिकवायला आजच सुरुवात करता येईल. महिन्याकाठी एसटीचा पास निघाला तरी वडिलांच्या 'व्हय?'ला ते पहिलं उत्तर असेल. शिकवल्यावर आपलं काय कच्चं आहे तेही कळतं, हा वरचा नफा.

राहिलं तुझं स्वतःचं वाक्य. "मैफलीत गाणारी गायिका, नाहीतर बी.कॉम.च बरं." हे वाक्य मला पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाटलं. मैफलीची गायिका होशील का, हे आज मी सांगू शकत नाही, बाई सांगू शकत नाहीत, तूही नाही. अठराव्या वर्षी जी मुलं चमकतात त्यातली पुष्कळ मागे पडतात आणि मागच्या बाकावरची एखादी पंचविशीत उमलते. पण मैफल आणि काहीच नाही, यांच्यामध्ये गाण्यातली बरीच माणसं आनंदाने जगतात: उत्तम शिकवणारी, संवादिनीची किंवा तानपुऱ्याची साथ करणारी, नाट्यसंगीत सांभाळणारी, ध्वनिमुद्रण जाणणारी, संगीतावर लिहिणारी. आपल्या कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे पेटी वाजवायचे, नाटकांना चाली द्यायचे, लिहायचे, नाटकात कामही करायचे. त्यांना कोणी 'तुम्ही नक्की कोण' असं विचारून अडवलं नाही. तुला यातलं काय जमेल ते दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस थोडं कळायला लागेल. तेव्हा लक्षात आलं की गाणं आवडतं पण दिवसभर गाणं नको, तर पदवी पुरी करून बँकेच्या परीक्षेला बस. त्यात हार वगैरे काही नाही. मात्र कंटाळा आणि अडचण यात फरक कर. दुसऱ्या वर्षी प्रत्येकालाच वाटतं की आपण पुढे सरकत नाही.

माझा कौल मागशील तर: कॉलेज बघून ये, तबला वाजत असेल आणि तानपुरा जुळत असेल तर तिथेच प्रवेश घे, बाई सोडू नकोस. तबला नसेल, शिक्षक दर सत्राला बदलत असतील, तर बी.कॉम. करून बाईंकडे पूर्ण ताकदीने शिकणं बरं. मग विशारद त्यांच्याच हाताखाली कर आणि पुढे संगीतात एम.ए.ला तुझ्या पदवीवर प्रवेश कसा मिळतो ते विद्यापीठाच्या संगीत आणि नाट्यशास्त्र विभागात आत्ताच विचारून ठेव.

तोपर्यंत दोन्हीकडचे फॉर्म भर. कॉलेज बघायला जाताना वडिलांना बरोबर ने, दुकान एक दिवस आईवर सोपवून. त्यांनी तो वर्ग आपल्या डोळ्यांनी बघायला हवा, आणि जमलं तर तिथल्या सरांना विचारायला हवं की तुमचे विद्यार्थी काय कमावतात. हा प्रश्न तुझ्यापेक्षा त्यांना जास्त मोकळेपणाने विचारता येईल. बाईंना मात्र फॉर्म भरायच्या आधी सांग. प्रवेश झाल्यावर पेढे घेऊन गेलीस तर त्या पेढा घेतील आणि भूप पुन्हा पहिल्यापासून सुरू करतील.